वळिवड्याचं नाव घेऊन मावशीला घाबरवू नका

गेल्या आठवड्यात सकाळी सात वाजता मावशीचा फोन आला. माझा मावसभाऊ दीड वर्षापासून वॉर्सात शिकतोय. "अरे, अमेरिका पोलंडला सोडणार म्हणे. पोराला बोलावून घेऊ का? एफडी मोडते, तू तिकिटाचं बघ." रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे आवाजावरून कळत होतं. कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. खाली नाव नाही, तारीख नाही.

मेसेजमध्ये चार मुद्दे आहेत. नाटो (अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या देशांची लष्करी युती) म्हणजे फक्त अमेरिका. युरोपनं अमेरिकेसाठी कधी काही केलं नाही. १९९४ साली अमेरिकेनं युक्रेनसाठी लढायचं लेखी वचन दिलं आणि मोडलं. आणि शेवटी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीचा, दाखला: "१९३९ ला पोलंडला मित्रांनी सोडलं, त्यांची पोरंबाळं आपल्या वळिवड्याला आली. आता तेच होणार. आपली मुलं आजच परत बोलवा."

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करतो, कारण मावशीची झोप त्यानंच उडवली.

१९३९ ला शब्द मोडला गेला, हे खरं आहे. त्या मे महिन्यात फ्रान्सनं पोलंडला सांगितलं होतं की, आमची जमवाजमव सुरू झाली की पंधराव्या दिवशी आमचं मुख्य सैन्य जर्मनीवर चालून जाईल. प्रत्यक्षात सप्टेंबरात जर्मनीनं पोलंडवर हल्ला केल्यावर फ्रेंच तुकड्या जर्मनीच्या सार भागात काही किलोमीटर आत गेल्या आणि परत फिरल्या. ब्रिटनशी २५ ऑगस्टला करार झाला, पण तो फक्त जर्मनीच्या हल्ल्यापुरता आहे असं त्याच्या गुप्त कलमात लिहिलेलं होतं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा घुसल्या. १९४० मध्ये तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. त्यांतलेच सुमारे पाच हजार लोक इराणमार्गे १९४३ पासून वळिवड्याच्या छावणीत आले. तिथे आज गांधीनगर आहे. १९४५ ला याल्टात, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाच्या परिषदेत, त्यांची गावं सोव्हिएत संघाकडे गेली. त्यामुळे १९४८ ला छावणी बंद झाली, तेव्हा कित्येकांना परत जायला घरच उरलं नव्हतं. ते ब्रिटनला, ऑस्ट्रेलियाला गेले. आम्ही कोल्हापूरची माणसं हे ऐकतच मोठी झालो. म्हणून त्या लोकांचं नाव घेऊन कुणी भीती पसरवली की चीड येते.

कारण आजची परिस्थिती तेव्हासारखी नाही. १९३९ च्या त्या सप्टेंबरात पोलंडच्या जमिनीवर ब्रिटनची किंवा फ्रान्सची एक पलटणही नव्हती. होते ते कागद. आज पोलंडमधल्या ओझिशला, रशियाच्या कॅलिनिनग्राड प्रांताच्या सीमेजवळ, २०१७ पासून नाटोचं पथक उभं आहे. त्यात अमेरिकन आहेत, ब्रिटिश, रुमानियन आणि क्रोएशियनही आहेत. तिथे हल्ला झाला तर पहिल्याच दिवशी या सगळ्यांचे सैनिक त्यात सापडतील. मदतीला जायचं की नाही याची चर्चा कुणाला निवांत करत बसता येणार नाही. शिवाय पोलंड स्वतः हातावर हात ठेवून बसलेला नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४ टक्क्यांहून जास्त पैसा तो संरक्षणावर घालतोय, आणि २०२२ मध्ये त्यानं दक्षिण कोरियाकडूनही रणगाडे आणि तोफा घेतल्या.

नाटो म्हणजे फक्त अमेरिका, हेही गेल्या वर्षीच तपासून झालंय. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियाचे ड्रोन पोलंडच्या हद्दीत आले. ते पाडायला पोलंडच्या विमानांबरोबर नेदरलँड्सची एफ-३५ लढाऊ विमानं होती, इटलीचं टेहळणी विमान होतं. एफ-३५ हे अमेरिकन कंपनीचं विमान आहे, हे कबूल. उपग्रह, लांब पल्ल्याची शस्त्रं, अण्वस्त्रांचं छत्र या बाबतींत युरोप अजून अमेरिकेवर टेकलेला आहे. पण टेकलेला असणं आणि अमेरिका नसली की लगेच संपणं यात फार अंतर आहे.

युरोपनं काहीच केलं नाही म्हणे. नाटोचं पाचवं कलम, म्हणजे एकावर हल्ला झाला तर सगळ्यांनी मदतीला यायचं कलम, आजवर एकदाच लागू झालं, १२ सप्टेंबर २००१ ला, आणि तेही अमेरिकेसाठी. त्यानंतर अफगाणिस्तानात एकट्या ब्रिटनचे ४५७ सैनिक मेले. पोलंडचेही चाळीसहून जास्त. खर्चात मात्र युरोपनं बरीच वर्षं अंग चोरलं. राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्के पैसा संरक्षणावर घालायचं नाटोचं उद्दिष्ट २०१४ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ग्रीस या तिघांनीच गाठलं होतं.

युक्रेनचा मुद्दा तर कागद न वाचताच लिहिलाय. युक्रेननं अण्वस्त्रं सोडली तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि रशियानं त्याच्याबरोबर सही केलेला ५ डिसेंबर १९९४ चा बुडापेस्ट करारनामा दोन-तीन पानांचा आहे. युक्रेनच्या सीमांचा आदर करू, बळ वापरणार नाही, अण्वस्त्रांचा हल्ला किंवा धमकी झाली तर सुरक्षा परिषदेत जाऊ, वाद निघाला तर सल्लामसलत करू. थोडक्यात एवढंच. तुमच्यासाठी लढू, हे वाक्य त्यात कुठेच नाही. त्यावर सही करूनही हल्ला केला तो रशियानं, आणि मेसेजमध्ये रशियाचं नावही नाही. नाटोच्या पाचव्या कलमात निदान एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, असं लिहिलंय. पुढे मात्र प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कृती करेल, असंच आहे. म्हणून काळजी करायचीच तर सैन्य कुठून किती हललं याची करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये रुमानियातली अमेरिकन ब्रिगेड परत नेणार आणि तिच्या जागी दुसरी पाठवणार नाही असं अमेरिकेनं जाहीर केलं, ही खरी बातमी आहे. पण तिचा अर्थ 'मुलं आजच परत बोलवा' असा होत नाही.

ज्यांनी तो मेसेज आमच्या ग्रुपवर टाकला, त्यांनी हेही तिथेच टाकावं. मावशीला मी एफडी मोडू नकोस म्हणून सांगितलंय.