हलतंय की!

जॉब शीटच्या शेवटच्या रकान्यात लिहिलंय : ‘नो फॉल्ट फाउंड. कस्टमर एज्युकेटेड.’ त्याखाली शिक्का आणि शिक्क्याला खेटून माझी सही. सही केल्याशिवाय माझीच वस्तू मला परत देत नव्हते, म्हणून केली. असा सुशिक्षित होऊन मी लॅमिंग्टन रोडवरच्या त्या सर्व्हिस सेंटरचा जिना उतरलो. कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेण्याइतकं तिने माझ्यासाठी काही केलेलं नाही.

वस्तू म्हणजे जॉयस्टिकच्या जोडीने येणारा थ्रॉटल, इंजिनाचा जोर वाढवायचा-कमी करायचा दांडा. विमान उडवणाऱ्यांचं बरं असतं. तो पुढे ढकलायचा आणि विसरायचं. मी डीसीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये, ह्युई उडवतो. यूएच-१एच, व्हिएतनाम युद्धातलं ते फटफट आवाजाचं हेलिकॉप्टर. त्यात हाच दांडा कलेक्टिव्हचं काम करतो : तो उचलला की मुख्य पात्यांचा कोन सगळीकडे सारखा वाढतो आणि यंत्र वर जातं. ह्युईचा खरा थ्रॉटल कलेक्टिव्हच्या टोकाला असलेली पिळायची मूठ. उड्डाणाआधी ती पूर्ण उघडायची आणि पुढचं गव्हर्नरवर, म्हणजे फेरे स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेवर, सोडायचं. नवखे लोक खेळातल्या नियंत्रणांच्या यादीत ‘थ्रॉटल’ वाचून तोच ॲक्सिस, म्हणजे सरकत्या आकड्याचं नियंत्रण, दांड्याला जोडतात आणि ‘हेलिकॉप्टर उठत नाही’ म्हणून मॉड्यूलला, म्हणजे खेळातल्या त्या हेलिकॉप्टरला, शिव्या घालतात. असो.

माझी तक्रार एका ओळीची होती. दांडा हलवला नाही तरी त्याचा आकडा हलतो. मध्यावर ठेवून हात काढला की मधूनच चार-पाच टक्क्यांची उडी मारतो आणि परत जागेवर येतो.

यात काय मोठंसं, असं वाटेल. ह्युईची पाती वरून पाहिली तर घड्याळाच्या उलट फिरतात. कलेक्टिव्ह उचकला की नाक उजवीकडे वळतं, म्हणून डावं पेडल दाबायचं. डावं पेडल दाबलं की शेपटीच्या पंख्याचा रेटा वाढतो आणि अख्खं यंत्र उजवीकडे सरकायला लागतं, म्हणून सायक्लिक, म्हणजे यंत्र कलवायची काठी, किंचित डावीकडे. डावीकडे कललं की उचल कमी पडते, म्हणून कलेक्टिव्ह थोडा वर. म्हणजे आलो परत तिथेच. होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी तरंगताना, ही साखळी एरवीही चालूच असते. फरक एवढाच, की ती आपण सुरू करायची असते, थ्रॉटलने नव्हे.

तर काउंटर. काउंटरवर एक विशीतला मुलगा आणि शेजारच्या बाकड्यावर मांडीवर प्रिंटर घेतलेले एक काका. मुलाने थ्रॉटल त्याच्या संगणकाला लावला, विंडोजची गेम कंट्रोलरची खिडकी उघडली आणि दांडा खाडकन पुढे, खाडकन मागे केला. झेड ॲक्सिसची पट्टी भरली, रिकामी झाली.

“चल तो रहा है, सर. हलतंय की!”

“हलतंय हो. हलायला नको तेव्हा हलतंय, ही तक्रार आहे.”

“म्हणजे?”

“मध्यावर ठेवा. हात काढा. आता पट्टीचं टोक बघा.”

टोक केसभर थरथरलं. मग ठळक उसळलं आणि खाली आलं.

“दिसलं?”

“सर, फॅन चालू आहे.”

मी फॅनकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. काकांनीही पाहिलं. तिघांच्या मते फॅन चालू होता, याबद्दल वाद नव्हता.

“कसलं यंत्र म्हणायचं हे?” काकांनी विचारलं.

“थ्रॉटल.”

“बोटीचा?”

“हेलिकॉप्टरचा. कॉम्प्युटरवरच्या.”

काकांनी प्रिंटर मांडीवरून बाकड्यावर ठेवला. हे मला तेव्हाच गंभीरपणे घ्यायला हवं होतं.

“आमचं केदारनाथ झालं ना,” ते म्हणाले, “फाटा गावाहून हेलिकॉप्टरने गेलो. वजन करून बसवतात. हिला मागे, मला पुढे, पायलटच्या अगदी शेजारी. तर सांगतो तुम्हाला, तो काही हलवतच नव्हता.”

“असं वाटतं बघणाऱ्याला.”

“वाटतं काय? मी पाहत होतो ना! नुसता बसला होता. हात मांडीवर. एकदा नाक खाजवलं, तेवढं हललं काय ते. त्याने तर पायही हलवले नाहीत. बुटाची नाडी सुटली होती त्याच्या, पार केदारनाथपर्यंत तशीच होती.”

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. साक्षीदार मिळाला होता, तोही कंपनीच्या बाजूचा.

या माणसाचा राग येण्याचं खरं कारण असं, की त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. मुरलेला वैमानिक सायक्लिकचा हात मांडीवर टेकवतो आणि मूठ जेमतेम मिलिमीटरभर फिरवतो, तीही यंत्र हलल्यावर नाही, हलायच्या आधी. आपण टेबलावर हीच गोष्ट वीतभर उंचीच्या काठीने करू पाहतो. खरी सायक्लिक जमिनीतून उगवलेली लांब दांडी असते. कोन तितकाच वळवायला हात बराच जास्त सरकवावा लागतो, म्हणून बारीक काम जमतं. टेबलावरच्या काठीला दहा-वीस सेंटिमीटरचं एक्स्टेन्शन लावून ती दोन मांड्यांमध्ये बसवली, तर निम्मं दुखणं जातं. ते परवडत नसेल तर खेळाच्या ‘ॲक्सिस ट्यून’मध्ये जाऊन पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावी-उजवी कल) यांचा कर्व्ह, म्हणजे मध्याजवळचा मऊपणा, १५ ते २० करावा. याहून जास्त नको. मध्याजवळ काठी मऊ होते खरी, पण मध्यापासून दूर गेलं की तीच काठी अंगावर येते. कलेक्टिव्हला कर्व्ह देऊच नये.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “तो जे हलवत होता, ते तुम्हाला दिसत नव्हतं.”

“मग तुम्ही दिसेल एवढं कशाला हलवता?”

याला उत्तर नाही.

मुलाला तेवढ्यात उपाय सुचला. “सर, गेममध्ये डेडझोन असतो ना? तो वाढवा. थरथर बंद.”

डेडझोन! ज्याला काही सुचत नाही तो डेडझोन सांगतो. डीसीएसमधला डेडझोन, म्हणजे हलवलं तरी दाद न देणारा पट्टा, ॲक्सिसच्या मध्यभागी बसतो. स्प्रिंगने मध्यावर येणाऱ्या काठीला तो २-३ टक्के ठीक आहे. कलेक्टिव्हला मध्य असा नसतोच. तो जिथे ठेवू तिथे राहायला हवा. त्यात ह्युईचा होव्हर साधारण दांड्याच्या मध्याच्या आसपासच सापडतो. म्हणजे जिथे केसागणिक फरक हवा, नेमकी तिथेच दांडा सरकवला तरी काही घडणार नाही अशी मेलेली पट्टी तयार होते. ‘स्लायडर’ची खूण केली तर ती पट्टी सरकून टोकाला जाते, पण थरथर काही टोकाला जात नाही. ती दांडा असेल तिथे असते. डेडझोनने हा रोग बरा होत नाही, झाकलाही जात नाही.

मी हे सांगत असताना आतून साहेब आले. मुलाने त्यांना हिंदीत माझा गोषवारा दिला, त्यात ‘फॅन’ हा शब्द दोनदा आला. साहेब हसले. “सर, वॉर गेम आहे ना? गोळीबारात एवढं बारीक कोण बघतं?”

“गोळीबारातच बघतात!” मी म्हणालो. ह्युईवरची ७० मिलिमीटरची रॉकेटं सुटल्यावर कुणी वळवत नाही. नाक जिथे, तिथे रॉकेट. नाक एक अंश सरकलं तर किलोमीटरभर अंतरावर मार सतरा मीटर बाजूला पडतो. सतरा मीटरमध्ये ट्रक सुटतो, ट्रकचा ड्रायव्हर सुटतो, आणि त्याच्या शेजारी उभं असलेलं आपलंच कुणीतरी सापडतं.

“बरोबर आहे त्यांचं,” काका म्हणाले. माझ्या मनात एकदम त्यांच्याविषयी प्रेम दाटून आलं. “पण फॅन बंद करून बघायला काय हरकत आहे?”

फॅन बंद केला. मुंबईच्या मे महिन्यात चार माणसं आणि एक प्रिंटर घाम गाळत पट्टीकडे बघत बसलो. पट्टी एकदाही हलली नाही. असल्या आजारी वस्तू डॉक्टरसमोर ठणठणीत होतात. लगेच शीट भरली गेली.

आता कडू बोलतो. हा दोष दुर्मीळ नाही. स्वस्त थ्रॉटलमध्ये आत पोटेन्शिओमीटर असतो : कार्बनच्या पट्टीवरून सरकणारा एक धातूचा स्पर्श. जिथे दांडा सगळ्यात जास्त वेळ असतो तिथेच पट्टी झिजते, धूळ बसते, स्पर्श तुटक होतो. विमानवाल्यांचा दांडा टोकाला असतो, म्हणून त्यांना वर्षानुवर्षं कळत नाही. हेलिकॉप्टरवाल्याचा मध्यावर जगतो, म्हणून त्याला आधी कळतं. कंपनीला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. पण तपासणी एकच : हलतंय का? स्थिर राहतंय का, हे तपासायची पद्धतच नाही, रकानाही नाही. सुटे भाग विकणार नाही, उघडलंत तर वॉरंटी गेली, आणि नाही उघडलंत तर ‘एज्युकेटेड’. भाग बाहेरून मागवायचा तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून जो खर्च येतो, त्यात दुसरी अर्धी वस्तू यावी.

आणि ज्या इमारतीत भाग मिळत नाही म्हणाले, तिच्या समोरच्या फुटपाथलगतच्या गाळ्यात तोच पोटेन्शिओमीटर पंचवीस रुपयांना टांगलेला होता.

उघडायचंच असेल तर क्रम असा. तळाचे रबरी पाय सोला, स्क्रू बहुतेक त्यांच्याखाली लपलेले असतात. झाकण ओढू नका. आतल्या बारीक वायरी झाकणाला धरून असतात. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर पोटेन्शिओमीटरच्या फटीत मारा, दांडा तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, वाळू द्या. कडी-कोयंड्याला मारतो तो नेहमीचा तेलकट स्प्रे नको. त्याचा थर राहतो आणि महिन्याभरात त्यावर धूळ चिकटते. तरी थरथर राहिली तर भाग बदला. माझ्यात बी१०के निघाला. बी म्हणजे सरळ चढणारा. दुकानदार ‘सेम है’ म्हणत ए१०के देईल. तो आवाजाच्या बटणासाठी असतो आणि कलेक्टिव्ह अर्ध्या वाटेपर्यंत झोपून राहील. पोटेन्शिओमीटरच्या दांडीची लांबी आणि तिचा कापलेला भाग जुन्याशी ताडून बघा. मधली वायर मधल्याच पायाला. कडेच्या दोन उलट लागल्या तरी बिघडत नाही, दिशा उलटी होते एवढंच, आणि ॲक्सिस ट्यूनमध्ये ‘इन्व्हर्ट’ आहे. काही कट्टर मंडळी तर तो मुद्दाम उलटा ठेवतात, कारण खरा कलेक्टिव्ह वर जाण्यासाठी आपल्याकडे ओढायचा असतो.

एवढं करून थ्रॉटल परत लावला की डीसीएस आपली माया दाखवतो. दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावला तर कधी कधी त्याला तो अनोळखी पाहुणा वाटतो आणि तो स्वतःच्या मनाने ॲक्सिस वाटून देतो. कपाटातला गेमपॅड जोडलेला राहिला असेल तर त्याच्याही काठीला पिच आणि रोल बहाल होतात; मग हेलिकॉप्टर दोन मालकांचं ऐकतं. प्रत्येक यंत्रासाठी ‘ॲक्सिस कमांड्स’मध्ये जाऊन, नको त्या उपकरणाचा रकाना निवडून ‘क्लिअर कॅटेगरी’ करायचं. ह्युईला केलं म्हणून अपाचीला होत नाही. जुन्या जोडण्या हरवलेल्या नसतात : ‘सेव्ह्ड गेम्स’मधल्या डीसीएसच्या कॉन्फिग, इनपुट या फोल्डरांत यंत्राच्या नावाने पडून असतात. उपकरणाच्या नावापुढे महिरपी कंसात लांबलचक क्रमांक असतो. नव्या फाइलचा क्रमांक जुन्या फाइलला दिला की सगळं परत येतं. ही गोष्ट सूचनापत्रकात पहिल्या पानावर का नसते, देव जाणे.

मग उरतो ट्रिम, म्हणजे काठी धरलेल्या जागी टिकवून ठेवणं. खऱ्या ह्युईत फोर्स ट्रिमचं बटण दाबून सोडलं की सायक्लिक हव्या त्या जागी धरून राहते. आपली काठी स्प्रिंगची, सोडली की मध्यावर पळते. बटण सोडताक्षणी सिम्युलेटर जुनी जागा नवा मध्य मानतो आणि वर आपला हात अजून तिथेच, म्हणजे दुप्पट झुकाव. ‘स्पेशल’ पर्यायांत काठी मध्यावर परत येईपर्यंत तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय आहे, तो आधी निवडा. केए-५० या रशियन हेलिकॉप्टरमध्ये ट्रिम न करता वळलात तर ऑटोपायलट बायकोच्या निष्ठेने जुन्या दिशेला परत आणतो.

नाशिक रोडला, गांधीनगरच्या लष्करी हवाई प्रशिक्षण शाळेत, हे शिकायला शेजारी शिक्षक असतो. शिकवण्याची जुनी रीत अशी, की आधी फक्त पेडल द्यायचे, बाकीचं गुरू सांभाळतो. मग फक्त कलेक्टिव्ह, मग सायक्लिक, मग तिन्ही. घरी ही सोय नाही. घरी तिन्ही एकदम येतात आणि गुरुजी म्हणून केदारनाथ करून आलेले काका.

पेडलचं एक सांगायचं राहिलं. गुळगुळीत फरशीवर चाकाची खुर्ची असेल तर उड्डाणाला डावं पेडल दाबताच हेलिकॉप्टर जागेवर राहतं आणि वैमानिक मागे कपाटापर्यंत जातो. पेडलखाली रबरी चटई टाकून भागत नाही, कारण सरकते ती खुर्ची. खुर्चीच्या मधल्या खांबाला आणि पेडलच्या पट्टीला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधा, ताणून, दोन गाठी मारून. बेल वाजली की उठण्याआधी पाय दोरीच्या बाहेर काढा.