'फक्त वाजव' म्हणणाऱ्यांसाठी मिंगस

2024च्या मार्चमध्ये कर्नाटक संगीतातले गायक टी. एम. कृष्णा यांना मद्रास म्युझिक अकादमीचा संगीत कलानिधी हा मानाचा पुरस्कार जाहीर झाला. काही नामवंत कलाकारांनी निषेध म्हणून अकादमीतल्या आपल्या मैफली रद्द केल्या. वाद चेन्नईचा, पण तो पुण्या-नाशिकच्या घरांत शिरायला वेळ लागला नाही. आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. जातीबद्दल उघड बोलणाऱ्या गायकाचं नेमकं म्हणणं काय, हे बघता बघता मागे पडलं आणि ठरलेलं वाक्य पुढे आलं: कलाकाराने गावं, वाजवावं, बाकीच्यात पडू नये. नाशिकला तबला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला वेगळं लिहिलं, "मावशी, तिकडे असं नसतं ना? तिथे कलाकाराला मोकळीक असते ना?"

न्यूयॉर्कमध्ये राहून जॅझ ऐकायला लागल्यापासून या प्रश्नाचं माझं उत्तर एकाच माणसाशी येऊन थांबतं. तो माणूस म्हणजे बासवादक (बास म्हणजे उभं धरून वाजवायचं, खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि रचनाकार चार्ल्स मिंगस.

मिंगस 22 एप्रिल 1922 रोजी अ‍ॅरिझोनातल्या नोगालेस गावी जन्मला आणि लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत वाढला. सावत्र आईबरोबर चर्चमध्ये जाताना कानावर पडलेली सामूहिक आळवणी त्याच्या संगीतात शेवटपर्यंत राहिली. त्याचा जीव मात्र चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या जातीच्या पण मोठ्या आणि खालच्या सुरांच्या वाद्यावर होता. पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवायचं, ऑर्केस्ट्रात बसायचं, हे त्याचं स्वप्न. पण काळ्या मुलाला ऑर्केस्ट्रात जागा कोण देणार? शाळेच्या वयातला त्याचा मित्र बडी कोलेट याने चेलो सोडून बास घ्यायला सुचवलं, म्हणजे निदान बँडमध्ये काम मिळेल. सल्ला प्रेमाचा होता आणि व्यवहाराचाही. मिंगसने तो मानला, पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या हर्मन राइनशागेन यांच्याकडे रीतसर शिकला आणि त्या जाडजूड तारांवर चेलोसारखी गायकी काढू लागला.

'फक्त वाजव' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं असं मला मनापासून वाटतं. या मुलाने काय वाजवायचं, हे त्याने पहिला सूर लावण्याआधीच समाजाने ठरवून टाकलं होतं. आपल्याकडे हलगी कोणी वाजवायची, संबळ कोणाच्या गळ्यात, सनई कोणत्या घरात आणि गादीवर बसून ख्याल कोणी गायचा, हे किती पिढ्या जन्मावरून ठरत आलं! ज्याला वाद्य निवडताना कोणी अडवलं नाही, त्यालाच संगीत आणि समाज वेगळे वाटू शकतात.

लॉस एंजेलिसमध्ये तर वादकांच्या संघटनाही दोन होत्या, गोऱ्यांची 47 क्रमांकाची आणि काळ्यांची 767 क्रमांकाची. चांगल्या पगाराची स्टुडिओतली कामं गोऱ्यांच्या संघटनेकडे. त्या दोन्ही एक कराव्यात म्हणून धडपड सुरू करणाऱ्यांत कोलेट आणि मिंगस होते. 1953 साली त्या एक झाल्या. म्हणजे मिंगसचं 'राजकारण' पोटापाण्याच्या प्रश्नातून आलेलं होतं. प्रसिद्धी मिळाल्यावर सुचलेली ती हौस नव्हती.

बास हे साथीचं वाद्य. मागे उभं राहायचं, लय आणि स्वराचा पाया धरायचा. 15 मे 1953 रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल आणि मॅक्स रोच या जॅझमधल्या दिग्गजांबरोबर मिंगसने वाजवलं. ध्वनिमुद्रणात बास नीट ऐकूच येत नव्हता, म्हणून नंतर स्टुडिओत जाऊन त्याने आपला भाग त्यावर पुन्हा वाजवला. हे करता आलं कारण रेकॉर्ड कंपनी त्याची स्वतःची होती. रोच आणि पत्नी सेलिया यांच्या साथीने त्याने आदल्याच वर्षी 'डेब्यू' सुरू केली होती. साथीदाराने आपला आवाज स्वतःच्या हिमतीवर परत मिळवला, असं मी याकडे बघते.

मग त्याने साथीदाराच्या जागेवरूनच आख्खा ताफा चालवला. 'जॅझ वर्कशॉप' नावाच्या त्याच्या मंडळात तो वादकांना बरेचदा लिहिलेल्या सुरांचा कागद देत नसे. पियानोवर वाजवून, गाऊन दाखवायचा आणि वादकांनी ते कानाने उचलायचं. आपल्या तालमीत वाढलेल्याला हे लगेच कळेल. लय मध्येच चढवायची, पुन्हा उतरवायची, चार-पाच जणांनी एकाच वेळी स्वतःचं बोलायचं आणि तरी रचना मोडू द्यायची नाही. श्रोते गप्पा मारू लागले की तो वाजवणं थांबवून त्यांना सुनावत असे.

आता मुख्य प्रसंग. सप्टेंबर 1957मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शिरू देऊ नये म्हणून नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना फौज पाठवून मुलांना आत न्यावं लागलं. मिंगसने त्यावर 'फेबल्स ऑफ फॉबस' रचलं. 1959 साली कोलंबिया कंपनीच्या 'मिंगस आह उम'वर ते आलं, पण शब्दांशिवाय. कंपनीला ते शब्द नको होते, असंच नेहमी सांगितलं जातं. पुढच्या वर्षी 'कँडिड' या छोट्या कंपनीसाठी त्याने ते शब्दांसकट मुद्रित केलं. मिंगस विचारतो, ड्रमर डॅनी रिचमंड उत्तर देतो, आणि गव्हर्नरची पुरती शोभा होते.

तेव्हा भाच्याला मी लिहिलं, मोकळीक इथेही आयती मिळालेली नाही, एकेकाने ती ओढून घेतली आहे. 1966 साली याच मिंगसला मॅनहॅटनमधल्या ग्रेट जोन्स स्ट्रीटवरच्या जागेतून बाहेर काढलं गेलं. तिथे त्याला संगीतशाळा काढायची होती. सामान रस्त्यावर, बास रस्त्यावर, आणि ते सगळं एका माहितीपटाच्या कॅमेऱ्यात. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझचा सोहळा केला, तेव्हा मिंगस चाकाच्या खुर्चीत होता. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने बोटांतली ताकद गेलेली. लोक उठून उभे राहिले आणि तो रडला. 5 जानेवारी 1979 रोजी मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे तो गेला, वय 56. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी स्यू हिने अस्थी भारतात आणून गंगेत सोडल्या. आयुष्यभर अडवायचं आणि शेवटी टाळ्या वाजवायच्या, हे काही फक्त आपल्या देशाचं वैशिष्ट्य नाही.

त्याला देव करण्याची मात्र माझी तयारी नाही. 1962 साली ट्रॉम्बोनवादक जिमी नेपरच्या तोंडावर त्याने ठोसा मारला, दात तुटला, वादन बिघडलं, प्रकरण कोर्टात जाऊन मिंगस दोषी ठरला. नेपरने पुढे त्याच्याबरोबर पुन्हा काम केलं, म्हणून ते माफ होत नाही. अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस जवळच्यांवर अन्याय करू शकतो, हे मराठी माणसाला नवं नाही. दोन्ही गोष्टी सांगाव्यात, एक झाकण्यासाठी दुसरी वापरू नये.

आपल्याकडे वाजवणाऱ्यांना गप्प बसवण्याचा एक सभ्य प्रकारही आहे, नावच न घेण्याचा. 1930च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड हे काळे अमेरिकन जॅझ कलाकार वाजवत. त्यांच्यापासून गोव्याच्या वादकांनी खूप घेतलं. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा यांनी तो बाज हिंदी चित्रपटांत नेला. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, आपण कौतुकाने ऐकतो, त्यामागचा चिक चॉकलेट किती जणांना माहीत आहे? आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या शाहिरीशिवाय संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आठवून बघा. त्याआधी अण्णा भाऊंच्या तमाशांवर तेव्हाच्या मुंबई सरकारने बंदी घातली होती. आज त्यांचे पुतळे उभे करणारे आपणच जिवंत गायकाला 'फक्त गा' म्हणतो, याचा मला राग येतो.

भाच्याचा पुढचा निरोप आला, "पण मावशी, शब्द काढले की उरतं ते फक्त संगीतच ना?" उत्तर म्हणून मी त्याला 'फॉबस'ची दोन्ही मुद्रणं पाठवली आहेत. आधी 1959चं ऐक म्हटलं, शब्द नसलेलं. ती लंगडत, मुरडत चालणारी चाल, मध्येच फुगणारे आणि फिसकटणारे सॅक्सोफोन-ट्रॉम्बोन, गव्हर्नरच्या ऐटीची केलेली नक्कल. मग 1960चं ऐक, आणि शब्दांनी त्यात नवीन काय भरलं ते मला सांग.