मुलांच्या हातातली ही पुस्तकं काढून घेऊ नका

आज डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तर वाचा.

ओळखीतल्या एका शाळेनं वाचनालयासाठी सातवी ते नववीच्या मुलांना आवडतील अशा पुस्तकांची यादी मागितली होती. मी मन लावून केली. आज ती परत आली. निम्म्या नावांवर लाल पेनानं काट, आणि समासात शेरा, ‘भीतीदायक व हिंसक. कृपया संस्कारक्षम पुस्तके सुचवावीत.’ काट कशावर? ‘द हंगर गेम्स’, ‘द गिव्हर’, ‘स्टीलहार्ट’, ‘द सिटी ऑफ एंबर’. सुपरहिरोंची तर सरसकट उडवली. एकही पुस्तक उघडून बघितलं नसणार, पैजेवर सांगते.

‘एंबर’वरची काट जास्त लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा माझी भाची कपड्यांची पिशवी आणि दप्तर घेऊन आमच्याकडं विश्रामबागेत आली. सातवीत होती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. लाईट नाही, दूध नाही, तिचे बाबा अजून तिकडंच माडीवर अडकलेले. पोरगी बोलेनाशी झाली होती. मी कपाटातून हे पुस्तक काढून दिलं. मोबाईलची बॅटरी जपायची होती, म्हणून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसून वाचायची.

जमिनीखालचं शहर. उजेड फक्त दिव्यांचा, आणि वीज बनवणारं यंत्र मोडकळीला आलेलं. कोठारातले डबे संपत चाललेत. बाहेर कसं पडायचं ते शहर बांधणाऱ्यांनी लिहून ठेवलेलं, पण तो कागद हरवतो, सापडतो तेव्हा धाकट्या बहिणीनं चघळून त्याच्या चिंध्या केलेल्या. बारा वर्षांची दोन पोरं ते तुकडे जुळवतात. आणि महापौर? त्याला सगळं ठाऊक असतं, तो स्वतःपुरते डबे आणि बल्ब साठवत बसलेला असतो.

मध्येच मान वर करून तिनं विचारलं, “आत्या, मोठ्या माणसांना आधीपासून माहीत असतं, मग ती सांगत का नाहीत?” त्या आठवड्यातलं तिचं पहिलं धड वाक्य. घाबरवलं पुस्तकानं? अहो, घाबरलेली ती आधीच होती! पुस्तकानं तिला बोलतं केलं.

म्हणून ‘भीतीदायक’ वाचलं की माझं पित्त खवळतं. आपल्या पोरांनी छताला लागलेलं पाणी बघितलंय. जत-आटपाडीकडच्या पोरांनी टँकरमागं कळशी घेऊन धावणाऱ्या आया बघितल्यात, माण-खटावकडच्यांनी चारा छावण्या. त्यांना कुठल्या गोड परीकथेत कोंडून ठेवणार आहात?

‘हंगर गेम्स’ हिंसक आहे. आहेच. तिसरा भाग पाचवीतल्या पोराच्या हातात देऊ नका, एवढं मान्य. पण त्यात आहे काय ते तरी बघा. बारा जिल्हे राबतात आणि राजधानी खाते. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा, एक मुलगी चिठ्ठी काढून मरायला पाठवायची आणि बाकीच्यांनी ते टीव्हीवर बघायचं. वर नियम असा, की घरात ज्यादा धान्य हवं असेल तर आपल्या नावाच्या ज्यादा चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे जो गरीब, त्याचंच नाव निघायची शक्यता जास्त. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या पोराला हे समजावून सांगायला लागत नाही. नायिका कॅटनिस बहिणीऐवजी स्वतः पुढं होते, धनुष्य शिकलेली असते ती घरच्यांना खायला आणण्यासाठी. यात न शोभणारं काय आहे?

आणि हे सांगतंय कोण? आपण! १९४३ साली शेणोलीला सरकारी पगाराची रेल्वे लुटली त्याच्या गोष्टी आपण छाती फुगवून सांगतो. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथलंच. वाटेगावच्या अण्णा भाऊंचा ‘फकिरा’, उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा, तोही आपलाच. मग परक्या देशातल्या एका पोरीनं जुलमी सत्तेपुढं मान ताठ ठेवली की ती लगेच हिंसा कशी होते?

(फकिरा यादीत होता. त्यावर काट नव्हती. एवढं तरी नशीब.)

सुपरहिरोंना नाकं मुरडणाऱ्यांनी स्पायडरमॅनची मूळ गोष्ट आठवावी, १९६२ ची. शाळकरी पोराच्या अंगात ताकद येते. डोळ्यांदेखत एक चोर पळत असतो, ‘मला काय त्याचं’ म्हणून हा त्याला जाऊ देतो. तोच चोर पुढं त्याच्या काकांचा जीव घेतो. दहा बोधकथांत मिळून एवढं नसतं. ‘स्टीलहार्ट’मध्ये तर उलटंच, ज्यांच्या अंगात अफाट शक्ती आली तेच लोकांच्या मानगुटीवर बसलेत, आणि त्यांना भिडतात ती साधी माणसं. आठवीच्या वर्गातला दादा पोरगा आणि त्याला घाबरणारा पोरगा, दोघांनाही द्या. कादंबरी झेपत नसेल त्याला कमला खानची मिस मार्व्हल द्या, चित्रांत आहे. घरच्यांचे नियम सांभाळत जग वाचवणारी पोरगी आपल्या पोरींना लगेच जवळची वाटते.

इंग्रजी जड जातं मराठी माध्यमाच्या मुलांना, खरंय. मग शेजारी बसून मोठ्यानं वाचा की. नाहीतर नारळीकरांच्या विज्ञानकथांपासून सुरुवात करा, ‘वामन परत न आला’ द्या. यंत्र माणसापेक्षा शहाणं झालं तर काय, हा प्रश्न आजच्या पोरांइतका कुणालाच जवळचा नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाचीचं ते पुस्तक आत्ता माझ्यासमोर आहे. मागच्या कोऱ्या पानावर तिनं पेन्सिलीनं पुलाचे आकडे लिहिलेत, रोजची पातळी. उतरायला लागल्यावर प्रत्येक आकड्याखाली रेघ, आणि बाबा आले त्या दिवशी चांदणी. नंतर तिनं ‘द गिव्हर’ मागून नेलं. तिथं दुःख नाही, भूक नाही, रंगही नाहीत, जुन्या आठवणीही लोकांकडून काढून घेतलेल्या, आणि बारावं लागायला आलेल्या जोनासला सफरचंदात पहिल्यांदा लाल दिसतो. ते वाचून ती म्हणाली, “पूर विसरायला लावला असता कुणी, तर मी नको म्हटलं असतं.” संस्कार संस्कार म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, मला खरंच कळत नाही.

शाळेनं नाही घेतली तर नाही. माझ्याकडं या सगळ्यांच्या प्रती आहेत. सांगलीत, मिरजेत कुणाच्या घरी बारा-तेरा-चौदाचं पोर असेल तर मेसेज करा आणि विश्रामबागेत येऊन घेऊन जा. पालकांना आधी वाचायचं असेल तर जरूर वाचा. फक्त वाचून झालं की कपाटात ठेवू नका, पोराला द्या. ‘एंबर’ तेवढं सांभाळून वापरा, मागचं पान फाटता कामा नये.