‘रेस्क्यू केलेला शेफर्ड घरी आणू नका’ : या मेसेजला मुद्देसूद उत्तर

जर्मन शेफर्ड पाळायचा विचार करणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शेफर्ड एकाच मालकाचा असतो, सोडून दिलेला शेफर्ड चावराच निघतो, रेस्क्यूचे (सोडून दिलेले कुत्रे सांभाळून त्यांना नवं घर शोधून देणाऱ्या संस्थांकडचे) कुत्रे आजारी असतात, उपाशी कुत्र्याला पोटभर खाऊ घातलं की तो सुधारतो, आणि रेस्क्यूवाले उगाच चौकशा करतात, त्यापेक्षा पिल्लू आणा. हे वाचून लोक चार-पाच वर्षांचे उत्तम कुत्रे नाकारतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘एकाच मालकाचा असतो.’ पोलीस दलातल्या शेफर्डचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळून त्याच्याकडून काम करून घेणारा माणूस, बदलतो आणि कुत्रा नव्या हँडलरबरोबर काम करतो. गाइड डॉग आधी एका कुटुंबात वाढतो, मग प्रशिक्षकाकडे जातो आणि शेवटी अंध व्यक्तीच्या घरी. हंगेरीतल्या संशोधकांनी २००१ साली निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका माणसाने दहा-दहा मिनिटं फक्त तीनदा सोबत घालवल्यावर ते कुत्रे त्या माणसाशी परक्यापेक्षा वेगळे, लळा लागल्यासारखे वागले. पहिल्या आठवड्यात कुत्रा जेवत नाही, दाराशीच बसून राहतो, याचा अर्थ तो तुम्हाला नाकारतोय असा नाही; तो गोंधळलेला असतो. शेफर्डच्या बाबतीत खरी अडचण उलटीच असते. तो घरातल्या एकाच माणसाला चिकटतो आणि तो माणूस बाहेर गेला की घर डोक्यावर घेतो. म्हणून पहिल्या दिवसापासून खायला घालणं आणि फिरवणं घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावं. त्याला एकटं ठेवण्याची सवय ३० सेकंदांपासून सुरू करावी, मग दोन मिनिटं, मग पाच. तो अस्वस्थ होण्याआधी परत यायचं.

‘सोडून दिलेला म्हणजे चावरा.’ चावणारे कुत्रे रेस्क्यूत येतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मालकाचा मृत्यू, घर बदलणं, किंवा ३५ किलोच्या कुत्र्याला रोज किती व्यायाम लागतो याचा अंदाज चुकणं, यामुळेही कुत्रे सोडले जातात. फरक कळतो तो स्वभावाच्या चाचणीतून, आणि ती आल्या दिवशी घ्यायची नसते. भेदरलेला कुत्रा एक तर गोठून बसतो किंवा अंगावर येतो. दोन्ही वेळा निष्कर्ष चुकतो. काही दिवस स्थिरावू द्यावं, मग पंजे आणि कान हाताळणं, जेवताना जवळून जाणं, अनोळखी माणूस, सायकल, दुसरा कुत्रा असं एकेक दाखवावं. आधी चावल्याची नोंद असेल तर तपशील विचारावा : कातडी फाटली का, एकदाच चावला की पुन्हा पुन्हा, आधी गुरगुरला का. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही रागावू नये. इशारा बंद होतो, चावणं नाही. मागच्या भागाला हात लावल्यावरच चावत असेल तर ट्रेनरच्या आधी नितंबाच्या सांध्यांचा एक्स-रे काढावा.

‘आजारी असतात.’ शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेसिया, म्हणजे नितंबाचा सांधा खोबणीत नीट न बसणं, सर्रास आढळतो, हे खरं आहे. पण तो पिल्लातही असतोच, फक्त आठ आठवड्यांच्या पिल्लात दिसत नाही. अमेरिकेतली ओएफए ही संस्था नितंबाचा कायमचा दाखला २४ महिने पूर्ण झाल्यावरच देते. म्हणजे प्रौढ कुत्र्याचे सांधे तुम्ही आधी पाहून घेऊ शकता, पिल्लाचे नाही. आणखी एक आजार ओळखता यायलाच हवा : भूक राक्षसी, तरी हाडांचा सापळा, आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट. अशा कुत्र्याची सगळे ‘उपासमार’ समजून कीव करतात, पण बऱ्याचदा त्याचं स्वादुपिंड पाचक रस पुरेसे बनवत नसतं. उपाशीपोटी टीएलआय ही रक्ततपासणी केली की निदान होतं. मग प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर, ती जन्मभर. बी-१२ कमी असेल तर तेही. औषध नियमित मिळालं की वजन चढतं आणि तो घरी देण्याजोगा होतो.

‘पोटभर खाऊ घाला.’ या मेसेजातला हा सर्वांत घातक सल्ला. दुरूनच बरगड्या, मणके आणि कमरेची हाडं दिसणारा कुत्रा एकदम भरपेट जेवला की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. पहिले एक-दोन दिवस सगळं छान वाटतं, मग कुत्रा अचानक ढासळतो : स्नायू अशक्त होतात, तांबड्या पेशी फुटतात, हृदयाचे ठोके बिघडतात. प्रमाण असं ठेवतात : २५ किलोच्या कुत्र्याची विश्रांतीतली गरज साधारण ७८० किलोकॅलरी. पहिल्या दिवशी तिचा पाव भाग, म्हणजे सुमारे १९५, तोही चार ते सहा वेळांत विभागून. पुढे चार ते दहा दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेपर्यंत न्यायचं आणि त्या काळात रक्ततपासणी करत राहायची. पाणी मात्र सतत समोर.

‘चौकशा फार करतात.’ हो, करतात आणि कराव्यातच. कुंपण किती उंच, कुत्रा दिवसाचे किती तास एकटा राहील, घरात मांजर किंवा लहान मूल आहे का, यावर कुत्रा परत येईल की टिकेल ते ठरतं. नवा शेफर्ड पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून गळ्याच्या पट्ट्याला एक आणि हार्नेसला (छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला) दुसरी अशा दोन दोऱ्या लावायच्या. कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी ओळख क्रमांक नव्या मालकाच्या नावावर चढला आहे की नाही हेही तपासायचं. जुन्याच माणसाचा फोन नंबर राहिला तर हरवलेला कुत्रा चुकीच्या दारात जातो. घरात आधीचा कुत्रा असेल तर पहिली भेट बाहेर, १०-१५ मीटर अंतरावरून समांतर चालत, दोघांचे पट्टे सैल आणि दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातात.

आणि करारात ‘जमलं नाही तर कुत्रा आम्हालाच परत द्या’ हे कलम नसेल, तर त्या संस्थेकडून कुत्रा घेऊ नका.