‘मायग्रेशन म्हणजे जुलै-ऑगस्ट आणि मसाई मारा’ : फिरत्या मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

सहलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज वारंवार फिरतो. त्यात म्हटलेलं असतं की विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकन कुरंगांचं स्थलांतर जुलै-ऑगस्टमध्येच होतं, ते बघायला केनियातल्या मसाई मारालाच जावं लागतं, तीन दिवस हाताशी असले की नदी ओलांडणारे कळप, म्हणजे ‘क्रॉसिंग’, हमखास दिसतात, इतर महिन्यांत तिथे काही नसतं आणि एका ‘ईस्ट आफ्रिका व्हिसा’वर केनिया-टांझानिया दोन्ही होतात. या भरवशावर लोक आयुष्यभराची हौस म्हणून लाखो रुपये भरतात. म्हणून एकेक मुद्दा तपासून घेऊ.

‘स्थलांतर जुलै-ऑगस्टमध्ये होतं’

स्थलांतर बारा महिने चालू असतं. सुमारे 13 लाख विल्डबीस्ट, त्यांच्याबरोबर 2 लाखांहून जास्त झेब्रे आणि काही लाख गझेल ही छोटी हरणं टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मारा मिळून होणाऱ्या प्रदेशात वर्षभर गोल फिरत असतात. ही फेरी ठरते पावसावर. दक्षिणेकडच्या मैदानांवरची माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. तिथलं आखूड गवत कॅल्शियम-फॉस्फरसने भरलेलं असतं आणि दुभत्या माद्यांना तेच लागतं. पण पाऊस थांबला की तिथलं पाणी आटतं आणि गवत वाळतं. उत्तरेला पाऊस दुपटीच्या आसपास पडतो, मारा नदीला बारमाही पाणी असतं, मात्र गवत उंच आणि कमी कसाचं. त्यामुळे ओल असेपर्यंत कळप दक्षिणेत राहतात आणि कोरडं पडलं की उत्तरेची वाट धरतात.

डिसेंबर ते मार्च ते न्दुतू आणि दक्षिण सेरेंगेटीत असतात. एप्रिल-मेमध्ये मोठ्या पावसातून मध्य सेरेंगेटीमार्गे पश्चिमेकडे सरकतात. जूनमध्ये ग्रुमेती नदीच्या परिसरात पोचतात. जुलै ते ऑक्टोबर उत्तर सेरेंगेटी आणि मसाई मारा, आणि नोव्हेंबरचा छोटा पाऊस सुरू झाला की उत्तर-पूर्व सेरेंगेटीतल्या लोबोच्या बाजूने पुन्हा दक्षिण. यात दोन-तीन आठवडे मागेपुढे होणारच. तारखा छापून देणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

जुलै-ऑगस्टवरच अडून बसलात, तर फेब्रुवारी हातचा जातो आणि आमच्या मते तो या फेरीतला सर्वांत भरगच्च महिना आहे. याच सुमारास बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. पिल्लू जमिनीवर पडतं, थरथरत्या पायांवर उठायला बघतं, तोंडावर आपटतं, पुन्हा उठतं आणि पाच-सात मिनिटांत आईच्या मागे चालू लागतं. तेवढ्यात तरसं येऊन उभी असतात. सगळ्या माद्या एकदमच विल्यामुळे शिकाऱ्यांचं पोट भरूनही बहुतेक पिल्लं त्या पहिल्या दिवसांतून तगतात.

‘त्यासाठी मसाई मारालाच जावं लागतं’

मसाई मारा राखीव क्षेत्र साधारण 1,510 चौरस किलोमीटरचं आहे, तर सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटरचं. वर्षातले बहुतेक महिने कळप टांझानियातच असतात. मारा नदी केनियाच्या माऊ जंगलात उगम पावते, मसाई मारातून वाहत सीमा ओलांडते आणि उत्तर सेरेंगेटीतून पुढे व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. म्हणजे नदी ओलांडणारे कळप दोन्ही देशांत दिसतात. टांझानियाच्या बाजूला त्यासाठी कोगातेंडे आणि लामाई ही ठिकाणं.

मसाई माराच्या बाजूनेही बोलायला हवं. नैरोबीहून माराच्या सेकेनानी गेटपर्यंत गाडीने पाच-सहा तासांत पोचता येतं. कोगातेंडेला टांझानियातल्या अरुशा शहराहून रस्त्याने जायचं तर वाटेत एक मुक्काम करावा लागतो, नाहीतर छोट्या विमानाचा खर्च. शिवाय मारात सिंह आणि चित्ते वर्षभर असतात. मात्र प्रवेश फी विचारून घ्या. 2024पासून परदेशी प्रौढासाठी ती जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर आणि जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर झाली. तिकीट चालतं ते सकाळी 6 ते संध्याकाळी 6. स्वस्त पॅकेजमध्ये ही फी अनेकदा धरलेली नसते. ‘पार्क फी सगळ्या दिवसांची समाविष्ट’ हे लेखी घ्यावं.

‘सकाळी मारा, दुपारी सेरेंगेटी’ असंही कुणी सांगतं. दोन्ही जंगलं एकमेकांना लागून असली, तरी पर्यटकांना मधून थेट पलीकडे जाता येत नाही. सीमेवरच्या इसेबानिया-सिरारीच्या नाक्यावरून वळसा घालायचा, तिथे गाडी आणि चालक बदलायचे, आणि यात जवळजवळ अख्खा दिवस जातो.

‘तीन दिवसांत क्रॉसिंग हमखास’

सर्वांत जास्त निराशा या वाक्यामुळे होते. नैरोबीहून निघालेल्या तीन दिवसांतला पहिला अर्धा दिवस जाण्यात आणि शेवटचा परतण्यात संपतो. नदीकाठी हातात उरतो जेमतेम दीड दिवस.

आणि कळप घड्याळ बघत नाही. काठावर हजारो जनावरं गोळा होतात, धूळ उडते, पुढची दोन-चार उतारावरून पाण्याशी येतात, वास घेतात आणि एखादी मगर हलली किंवा गाडीचं दार वाजलं की सगळा कळप मागे फिरतो. असं चार-पाच तास चालू शकतं आणि शेवटी एकही जनावर पाण्यात उतरत नाही. एखादा कळप आज उत्तरेला जातो, पलीकडे पाऊस झाला की दोन दिवसांनी परत येतो. म्हणून नदीच्या जवळ, एकाच ठिकाणी, किमान चार रात्री ठेवाव्यात. मुक्काम गेटबाहेर लांब असेल तर रोजचे दोन-तीन तास येण्याजाण्यात जातात. दुपारचं जेवण डब्यातच घ्यावं, कारण जेवायला कॅम्पवर परतलेले लोक नेमके तेव्हाच मुकतात. शेअर गाडी घेऊ नका. सहापैकी दोघांना कंटाळा आला की गाडी वळते.

चालकाला आधीच सांगून ठेवा की जनावरं जिथे वर चढणार त्या काठावर गाडी लावायची नाही. पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत लांब थांबायचं, मग पुढे जायचं. गाड्यांनी वाट अडवली की कळप दुसरीकडे, उभ्या कड्यावरून उतरतो आणि तिथे पाय मोडतात, मागच्यांच्या रेट्याखाली पुढचे चिरडले जातात. आपल्या फोटोपायी हे होऊ देणं अक्षम्य आहे.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत ‘लाखो जनावरं मगरींच्या तोंडी जातात’ असंही जोडलेलं असतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मारा नदीत वर्षाला सरासरी 6,250 विल्डबीस्ट बुडून मरतात, म्हणजे एकूण संख्येच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. मरतात ती मुख्यतः बुडून आणि चेंगरून. मगरी त्यांतला थोडाच भाग खातात, बाकीच्यावर गिधाडं, करकोचे आणि नदीतले मासे जगतात.

‘इतर महिन्यांत काही नसतं’

आपल्या सुट्ट्या मे, दिवाळी आणि नाताळ अशा पडतात, त्यामुळे हा मुद्दा मराठी कुटुंबांना थेट लागू आहे.

एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा खरोखरच अवघड. मोठा पाऊस चालू असतो, काही कॅम्प बंद असतात, आणि मारातली बरीचशी जमीन मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी चाकाला चिकटून गाडी रुतवणारी आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र पश्चिम सेरेंगेटीत मोठे कळप मिळू शकतात, दरही उतरलेले असतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तर सेरेंगेटी किंवा मारा. नोव्हेंबरात आली तर कळप वाटेत असतात, म्हणून एका जागी न थांबता मध्य आणि उत्तर-पूर्व सेरेंगेटीत दोन मुक्काम करावेत. नाताळात दक्षिणेची मैदानं भरू लागतात, पण दर चढे असतात.

न्दुतूबद्दल एक गोष्ट दलाल सांगत नाहीत. त्या परिसराचा एक भाग न्गोरोन्गोरो संवर्धन क्षेत्रात येतो, दुसरा सेरेंगेटी उद्यानात. न्गोरोन्गोरोच्या हद्दीत रस्ता सोडून गाडी नेता येते, सेरेंगेटीत तसं केलं तर दंड होतो. दोन्हींची फी वेगळी. कॅम्प एका हद्दीत आणि दिवसभराची फेरी दुसऱ्या हद्दीत असेल, तर दोन्ही फी भराव्या लागतात.

‘एकाच व्हिसावर दोन्ही देश’

ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसात केनिया, युगांडा आणि रवांडा आहेत. टांझानिया त्यात नाही. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा काढावा लागतो. फक्त केनियाला जायचं तर 2024च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना घ्यायचा असतो.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस हा त्याहून महत्त्वाचा कागद. सरकारमान्य केंद्रात ती घेतल्यावर प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर केनियाहून परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि केनियातून टांझानियात शिरतानाही ते मागतात. दोन्ही देशांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून. चिवडा-भाकरवडी डब्यांत भरा, कपडे कापडी पिशवीत. आतल्या छोट्या विमानाने जाणार असाल तर सामानाची मर्यादा साधारण 15 किलो असते, बहुतेक कंपन्या त्यात कॅमेऱ्याची बॅगही मोजतात, आणि बॅग मऊच लागते, कारण कडक सुटकेस त्या विमानाच्या कप्प्यात बसत नाही.