शेरा : समाधानकारक

वर्गातल्या मुलांच्या प्रगतीच्या नोंदी शिक्षकांनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी, एका बैठकीत लिहाव्यात. रोज लिहायला घेतल्या तर काल कोण कुठे अडलं होतं हे आज आठवतं, आणि मग आजचं टाचण, म्हणजे पाठाचा आराखडा, बदलावं लागतं. टाचण तर वर्षाच्या सुरुवातीलाच वर्षभराचं लिहून झालेलं असतं. खबरदारी एवढीच घ्या, की पेन बदलत राहा. तीस दिवसांच्या नोंदी एकाच शाईत आणि शेवटाकडे तिरक्या होत गेलेल्या अक्षरात असल्या की तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. निळं, काळं आणि संपत आलेलं निळं अशी तीन पेनं पुरतात. संगणकावर ही सोय नाही. तिथे शेवटच्या बदलाची वेळ राहते आणि अख्ख्या वर्गाचं मूल्यमापन रात्री अकरा ते साडेअकरात उरकल्याचं दिसतं. तेव्हा छापून घ्या आणि फाईलला लावा.

शब्दही जपून वापरा. ‘वाचन बरे. लेखनात सुधारणेस वाव. प्रगती समाधानकारक.’ हा शेरा कोणालाही लागू पडतो, महिनाभर गैरहजर असलेल्या मुलालासुद्धा. याउलट ‘रफार आला की अडखळते, कर्म-ऐवजी क्रम वाचते आणि अर्थ जुळला नाही तरी मागे येऊन पाहत नाही’ असं लिहून बसलात, तर उद्या सूर्य, मार्ग, वर्ग, चर्चा असले शब्द काढावे लागतील, वाक्यांत घालावे लागतील आणि पंधरा दिवसांनी त्याच मुलीला पुन्हा वाचायला लावावं लागेल. नोंद नेमकी झाली की ती कामाला लावते.

या दृष्टीने सर्वांत धोकादायक नोंद म्हणजे वाचनाची चालती नोंद. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांनी ती रूढ केली आणि साहित्याच्या अभावी ती टाळताही येत नाही, कारण साहित्य म्हणजे एक पेन्सिल आणि उताऱ्याच्या दोन प्रती. शंभर-दीडशे शब्दांचा उतारा मूल मोठ्याने वाचतं, तुम्ही दुसऱ्या प्रतीवर खुणा करता. बरोबर शब्दाला टिक, चुकला तर मुलाने उच्चारलेला शब्द वर लिहायचा, गाळला तर रेघ. स्वतःहून सुधारला तर तशी खूण करायची, पण चूक धरायची नाही. १२० शब्दांत ९ चुका म्हणजे १११ बरोबर, म्हणजे साडेब्याण्णव टक्के. साधारण पंचाण्णवच्या वर असेल तर उतारा मूल एकट्याने वाचू शकतं, नव्वदच्या वर असेल तर तुमच्या मदतीने, आणि नव्वदच्या खाली गेला तर उतारा बदलायचा, मुलाला दटावायचं नाही.

टक्क्यांपर्यंत ठीक आहे, टक्के कुठल्याही तक्त्यात बसतात. घोळ पुढे होतो. ‘विहिरीतून पाणी काढलं’ हे एकाने ‘आडातून पाणी काढलं’ असं वाचलं आणि दुसऱ्याने ‘बहिरीतून पाणी काढलं’. दोघांचीही चूक एकच मोजली जाते. पण पहिला अर्थाच्या आधाराने पुढे चाललाय आणि अक्षरांकडे बघत नाही. दुसरा अक्षरांवर अडकलाय आणि अर्थ वाऱ्यावर सोडलाय. दोघांना एकच ‘शुद्धलेखन पाच ओळी’ देऊन चालणार नाही हे एकदा कळलं की ते विसरता येत नाही. ‘वेळ कुठे आहे?’ हे कारण पुढे करायचं असेल तर घाईने करा, कारण एका मुलाला साधारण पाच मिनिटं लागतात. रोज दोघं घेतली तर चाळीसचा वर्ग वीस दिवसांत होतो, आणि हे गणित मुख्याध्यापकांनाही येतं.

वह्या तपासताना गुण आणि सूचना दोन्ही द्या. नुसती सूचना कधीही देऊ नका. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या अभ्यासात केवळ सूचना मिळालेली मुलं पुढे सरकली. सूचनेबरोबर गुणही मिळालेल्यांना सूचनेचा तसा लाभ झाला नाही. दहापैकी सहा दिसले की मूल शेजाऱ्याचे किती ते बघतं आणि वही मिटतं. तुम्ही खाली सुंदर अक्षरात लिहिलेलं ‘कर्त्याच्या लिंगाप्रमाणे क्रियापद तपास’ सुरक्षित राहतं. पुढच्या वहीत पुन्हा लिहायला तयार.

आता पालक. मूल नीट वागत-वाचत असेल तोवर घरी चकार शब्द कळवू नका. पहिला निरोप तक्रारीचाच असावा, म्हणजे पुढे तुमचं नाव फोनवर झळकलं की घरात आधी मुलावर आवाज चढेल आणि मग फोन उचलला जाईल. एका मुलाबद्दलची गोष्ट सगळ्यांच्या ग्रुपवर टाका. गुणांच्या यादीचा फोटो पूर्ण नावांसकट टाकलात तर एका दगडात बरेच पक्षी मरतात, शिवाय तो फोटो परत घेता येत नाही.

भेटीत ‘घरी लक्ष द्या’ एवढंच सांगा. ‘रोज दहा मिनिटं तिला मोठ्याने वाचू द्या, अडली तर तीन सेकंद थांबा, मग शब्द सांगून पुढे चला, दोन आठवड्यांनी मी पुन्हा ऐकेन’ असं सांगितलं तर पालक ते करूनही बसतील आणि दोन आठवड्यांनी तुम्हाला ऐकावं लागेल. परकी भाषा शिकवत असाल तर ‘ए२’ म्हणून मोकळे व्हा. २००१ साली युरोप परिषदेने प्रसिद्ध केलेल्या भाषाशिक्षणाच्या चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि शिकणारा प्रत्येक पातळीवर काय करू शकतो हे वाक्यांत मांडलेलं आहे. ती वाक्यं मात्र वाचून दाखवू नका, समजतील.

पालकांना शाळेची भाषा येत नसेल तर मुलालाच दुभाषा करा. ‘गृहपाठ तीन आठवडे आलेला नाही’ याचं घरच्या भाषेत ‘बाई खूश आहेत’ होतं आणि दोन्ही बाजू समाधानाने उठतात. जाता जाता ‘घरी तुमची भाषा बोलणं बंद करा’ हा सल्लाही द्या. आईला जी भाषा मोडकीतोडकी येते त्याच भाषेत ती गोष्टी सांगू लागली, की गोष्टी दोन वाक्यांत संपतात आणि मुलाचा शब्दसंग्रह दोन्ही भाषांत आखूड राहतो.

व्यावसायिक विकासाबद्दल फार सांगायला नको, प्रमाणपत्रांसाठी प्लास्टिकची पाकिटं आणा. उद्दिष्ट ‘भाषिक कौशल्यांचा सर्वांगीण विकास साधणे’ असंच ठेवा, कारण ते चुकलं असं कोणीही सिद्ध करू शकत नाही. ‘सहा आठवडे प्रत्येक प्रश्नानंतर मनात तीनपर्यंत मोजेन’ असलं उद्दिष्ट घातक. अमेरिकेत मेरी बड रो यांनी तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते, आणि तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. म्हणून स्वतःच्या तासाची दहा मिनिटंही ध्वनिमुद्रित करू नका. त्यात आणखीही ऐकू येतं. मूल ‘आई आला’ म्हणतं, तुम्ही ‘हो, आई आली’ म्हणत पुढे जाता आणि मूल मान डोलावतं. कॅनडातल्या फ्रेंच वर्गांत लिस्टर आणि रांटा यांना १९९७ साली असंच दिसलं. निम्म्याहून अधिक दुरुस्त्या या प्रकारच्या होत्या, आणि मुलाने स्वतः वाक्य सुधारण्याचं प्रमाण त्यांच्यातच सर्वांत कमी होतं. ‘आई काय?’ असं विचारून थांबलात तर मूल स्वतः दुरुस्त करतं, पण पाठ मागे पडतो. सहकाऱ्याला तासाला बसवायचंच असेल तर त्याला ‘सगळंच बघा’ म्हणा. एकच गोष्ट मोजायला दिली तर तो ती मोजून आणतो.

वर्ष संपताना फाईल पुढच्या शिक्षकाकडे द्या, शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी, संपूर्ण. एका मुलामागे तीन ओळी, म्हणजे काय जमतं, कुठे अडतं, कशाने फरक पडला, असं मागितलं तर ‘सगळं आत आहे’ म्हणा. आहेच.