बटाट्याला घाबरायचं कसं

परवा आमच्याकडे पूजा होती आणि ऐन पंगतीत मुंबईच्या एका पाहुण्यांनी मोबाईल काढून जाहीर केलं की हल्लीचे बटाटे सगळे जेनेटिक, त्यात विंचवाचं जनुक घालतात. झालं! पानापानात भाजी तशीच, टोपातली संध्याकाळी गुरांच्या आंबोणात गेली, त्यांना बिचाऱ्यांना कोणी फॉरवर्ड केलेलं नव्हतं ना. तर असा मान तुम्हालाही पाहिजे असेल तर घ्या टिपा, फुकट आहेत.

बटाटा आपल्या परसात होत नाही, घाटावरून ट्रकने येतो. उत्तमच, बोलताना अडचण नाही.

कोणी मध्येच म्हणालं की भारतात जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घातलेला, बटाटा बाजारात आलेलाच नाही, शेतकरी रीतसर पेरतात ते जीएम पीक एकच, बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला, 2002 पासून, आणि बीटी वांगं 2010 ला सरकारदरबारी अडकलं ते अडकलंच, तर त्याला एवढंच विचारा, "कंपनीने किती दिले?"

जनुक विंचवाचंच सांगायचं. खरं सांगितलंत तर पंगत जेवून उठेल. म्हणजे बघा, बटाट्यावर जो उशिराचा करपा येतो, ज्याने 1845 पासून आयर्लंडमध्ये पिकं कुजली आणि दहाएक लाख माणसं मेली, त्याला तोंड देणारं जनुक शास्त्रज्ञांना सापडलं कुठे, तर मेक्सिकोतल्या एका जंगली बटाट्यात. बटाट्याचं बटाट्यातच! शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने तेच जनुक घातलेल्या जीएम बटाट्याशी संकर करून ते आपल्या कुफ्री ज्योती या जातीत आणून बघितलं. आता ही कुफ्री ज्योती 1968 ची, साधी, जुनी, तुमच्या आजीने खाल्लेली, तिलासुद्धा करप्याचा प्रतिकार जंगली बटाट्याकडूनच मिळालेला, फक्त साध्या संकराने, आणि तो पुढे करप्याने मोडूनही काढला. म्हणून तर युगांडात एकदम तीन जनुकं घालून बघतायत, एक मोडलं तर दोन राहतील. आणि हे नसेल तर काय, तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारा, पाऊस आला की परत मारा, ढग आले की परत. ते चालतं आपल्याला. पातेल्यात विष दिसत नाही, जनुक मात्र दिसतं, नाही का?

आणि हे मी कोणाला सांगतोय, ज्यांच्या सुपारीवर दर पावसाळ्यात कोळेरोग येतो त्यांना. तो रोग त्या बटाट्याच्या करप्याचा सख्खा चुलतभाऊ, एकाच फायटोफ्थोरा खानदानातला. पावसाच्या तोंडावर मोरचूद नि कळीचा चुना कालवून माणूस झाडावर चढवताना जीव कसा टांगणीला लागतो ते आपल्याला माहितीये, सुपारीला कोणी असं जनुक आणून दिलं तर पहिल्या रांगेत आपणच असू.

डॉक्टर, शेतकी अधिकारी, बागेतला गडी यांना काहीही विचारू नये.

बरं, ते पाहुणे. भाजी बाजूला सारून उठले आणि हात धुता धुता मला म्हणतात, "आंब्याच्या पेट्या दे हां दोन, पण डाग नको, गेल्या वर्षी साल खराब होती." अहो, डाग नको म्हणजे काय हो? साल खरवडणाऱ्या थ्रिप्स किड्यांना काय मी हात जोडून सांगतो का जा म्हणून? तुडतुडा, थ्रिप्स, भुरी, मोहोर फुटल्यापासून पंप खाली ठेवता येत नाही, दुकानदार दर वर्षी नवीन बाटली पुढे करतो, जुनीने काही मरत नाही म्हणून. ते सगळं तुमच्या त्या गुळगुळीत सालीसाठी. त्याची भीती नाही वाटली कधी?

विरोध करायचाय ना, करा की! बियाणं कोणाच्या मालकीचं, दर वर्षी विकत घ्यावं लागणार का, भाव कोण ठरवणार, हे विचारा. बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी सरावली, विदर्भात शेतकरी परत फवारणीवर आला, मग बटाट्याचं तसं होणार नाही कशावरून, हे विचारा. बरोबर प्रश्न आहेत ते, मीपण विचारतो. पण त्यासाठी चार ओळी वाचाव्या लागतात आणि तुम्हाला विंचू पाहिजे. एका बाईने पहाटे उठून केलेलं अन्न एका बिनबुडाच्या मेसेजवर टाकून दिलंत, लाजा वाटल्या पाहिजेत. पेट्या मिळणार नाहीत.